गळ्यावरचा हात

"मॅडम, तुम्ही दारातच थांबा," गणू म्हणाला. "मोठे साहेब तिथंच थांबायचे. मी आत करतो नि सांगतो, तुम्ही लिहून घ्या."

गणू आमच्या ग्रामीण रुग्णालयात शवविच्छेदनाच्या खोलीत काम करायचा. त्याच्या बोलण्यात आगाऊपणा नव्हता, माझी काळजीच होती. तिथे तशी पद्धतच पडून गेली होती. डॉक्टरांनी नाकाला रुमाल लावून उंबऱ्यात उभं राहायचं, गणूने आत उघडायचं आणि जे दिसेल ते ओरडून सांगायचं. त्या खोलीच्या वासाने माझंही डोकं उठायचं, खोटं कशाला बोलू? पण टेबलावर सात-आठ वर्षांची मुलगी होती. दोन वेण्या, लाल रिबिनी, हातात नव्या हिरव्या बांगड्या. तिला दुसरं कुणी हाताळत असताना आपण बाहेर उभं राहायचं, हे काही मला जमेना. मी गमबूट चढवले आणि आत गेले.

या गोष्टीला पंचवीसएक वर्षं झाली. कोल्हापूरच्या दक्षिणेला, डोंगरातल्या एका तालुक्यात मी सरकारी बंधपत्राची नोकरी करत होते. एमबीबीएस झालं होतं, पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा निकालही लागला होता. माझा क्रमांक इतका चांगला होता की स्त्रीरोगशास्त्राची जागा मिळणार हे पक्कं होतं. पुण्यात माझ्या आईने तर मनातल्या मनात प्रसूतिगृहाची पाटीही लावून टाकली होती. डॉ. उल्का प्रधान, खाली तपासणीच्या वेळा. जागावाटपाला जायला रजा मंजूर होऊन पडली होती. तेवढे दिवस डोकं खाली घालून काढायचे, एवढाच माझा विचार होता.

मुलीचं नाव रेश्मा. सकाळी उजाडल्यावर तिचा बाप दिनकर आणि सावत्र आई मालन तिला गावातल्या जीपमधून घेऊन आले होते. मी पाहिलं तेव्हा तिचा श्वास थांबून गेलेला होता. घाम फुटेपर्यंत छाती दाबली, नळी घातली, पण काही उपयोग झाला नाही. मालनला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. मुलीचा परकर वर सरकला होता तो तिने नीट केला आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

तासाभरात रेश्माच्या आजोळची माणसं येऊन थडकली. आजी हौसाबाई, मामा बाजीराव आणि मागे ट्रॅक्टरची ट्रॉली भरून भावकी. हौसाबाईंची लेक विमल, म्हणजे रेश्माची सख्खी आई, तीनेक वर्षांपूर्वी काविळीने गेली होती. आदल्या दिवशी पितृपक्षातली अविधवा नवमी होती. नवऱ्याच्या आधी, सवाष्ण गेलेल्या बाईच्या नावाने त्या दिवशी घरात पान वाढतात. मालनने सवतीचं पान वाढलं होतं. खीर, वडे, भोपळ्याची भाजी. आणि नैवेद्य झाल्यावर ते पान लेकीचं म्हणून रेश्मालाच खायला दिलं होतं.

"माझ्या लेकीच्या पानात इख कालवलं हिनं," हौसाबाई व्हरांड्यात बसून म्हणत होत्या. त्या आरडाओरडा करत नव्हत्या. एकच वाक्य पुन्हा पुन्हा, सारख्याच आवाजात म्हणत होत्या.

हवालदार सुतार शहाणे गृहस्थ होते. त्यांनी मला बाजूला घेऊन सरळच सांगितलं. विषाचा संशय आहे असं तुम्ही नुसतं तोंडाने म्हणालात तरी मला त्या बाईला ताब्यात घ्यावं लागेल. काहीच म्हणाला नाहीत तर ही ट्रॉली तिला घरापर्यंत पोचू द्यायची नाही. दिनकर जिन्याखाली गुडघ्यांत मान घालून बसला होता. बायकोच्या बाजूने तो एक शब्द बोलला नव्हता आणि विरुद्धही बोलला नव्हता.

मोठे साहेब, म्हणजे आमचे वैद्यकीय अधीक्षक, रजेवर होते. त्यांना फोन लावला तर ते म्हणाले, "व्हिसेरा काढून ठेवा, मत राखून ठेवलं म्हणून लिहा आणि जेवायला जा. यात डोकं लावू नका."

कायद्याने त्यांचं बरोबर होतं. पोटातले अवयव बरणीत घालून प्रयोगशाळेकडे पाठवायचे आणि विष होतं की नव्हतं ते तिने कळवायचं. पण तिचं उत्तर यायला महिनोन् महिने लागायचे. मालनला त्या दिवशीची संध्याकाळ गाठायची होती.

मी आधी तिच्याशी बोलायचं ठरवलं. बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर ती एकटी बसली होती, आसपासची बाकं रिकामी सोडून लोक उभे होते. वय असेल चोवीस-पंचवीस. गळ्यात मंगळसूत्र, आणि त्याच्याबरोबर एका साखळीत चांदीचा चौकोनी टाक. त्यावर बाईची ठसठशीत आकृती. दुसरेपणावर दिलेल्या मुलीच्या गळ्यात पहिलीचा असा टाक घालतात, हे मी त्या भागात आल्यावर पाहिलं होतं. सवतीची सावली संसारावर पडू नये, तिला मान मिळावा, म्हणून. शहरातून आलेली मी, मला ते पाहून पहिल्यांदा रागच आला होता. मेलेल्या बाईचं ओझं जितीच्या गळ्यात.

रात्री काय काय झालं ते तिने मला क्रमाने सांगितलं. तांबडं फुटायच्या आधी पोरगी पोट दुखतंय म्हणून उठली. एकदा उलटी झाली.

"मग मी ववा चारला," मालन म्हणाली.

"बघा, चारलं म्हनत्या!" मागून बाजीराव ओरडला. सुतारांनी त्याला हाताला धरून मागे नेलं.

"मग?" मी विचारलं.

"मग म्हनाली, डोळं उघडंनात. पापन्या हातानं वर धरल्या तिनं. बोलनं बी जड यायला लागलं. पानी पाजलं तर नाकातनं आलं."

मी लिहिता लिहिता थांबले. आमच्या कॉलेजात न्यायवैद्यकाचे एक म्हातारे प्राध्यापक होते. त्यांच्या तासाला निम्मा वर्ग झोपायचा, मीही झोपायचे. पण ते एक गोष्ट दरवर्षी सांगायचे आणि ती तेवढी डोक्यात राहिली होती. जमिनीवर झोपलेलं माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून उठलं आणि पापण्या गळाल्या, तर मण्यार आठवा. मण्यार चावते ते दुखत नाही, सुजत नाही, झोपेतल्या माणसाची झोपसुद्धा नीट मोडत नाही. खूण सापडली तर नशीब.

मी हौसाबाईंना विचारलं, साप चावला असेल का? त्या पहिल्यांदा माझ्याकडे वळून बोलल्या. "माझी नात भुईवर निजत न्हाई. बाज म्या दिलीया तिला. ह्या बाईच्या कुशीत निजायचं न्हाई, बाजंवर निजायचं, असं म्या दोघींकडनं बी कबूल करून घेतलंय. साप बाजंवर चढतुया व्हय?"

मण्यार सहसा बाजेवर चढत नाही. मी मालनकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. दिनकर म्हणाला की मी बाहेर सोप्यात झोपतो, पण दिवा मालवला तेव्हा पोर बाजेवरच होती.

म्हणून मी त्या खोलीत गेले होते, आणि गणू मला दारात थांबा म्हणत होता.

गणूला मी सांगितलं की आधी काहीही उघडायचं नाही, मला बाहेरून बघायचंय. भिंग आणलं. पायाच्या बोटांच्या बेचक्यांपासून सुरुवात केली. पोटऱ्या, मांड्या, पाठ. मग रिबिनी सोडून केसांची मुळं, कानामागची कातडी, मान. मुलीच्या अंगावर खरचटल्याच्या जुन्या खुणा होत्या, गुडघ्यावर खपली होती. मारल्याचा वळ एकही नव्हता. केसांना तेल होतं, नखं कापलेली होती. कुणीतरी या पोरीचं नीट करत होतं, एवढं मला त्या टेबलावर कळलं. पण तो काही पुरावा नव्हता.

खूण कुठेच सापडेना. मग उघडावं लागलं. ते मी इथे सांगत बसत नाही. पोटात खिरीचा अंश होता, कीटकनाशकाचा वास नव्हता, दाह नव्हता. गणू म्हणाला, "आता बरण्या भरू?" मी हो म्हणणारच होते.

तिची उजवी मूठ मिटलेली राहिली होती. डावा हात उघडा होता, आणि उजव्या हाताची बोटं अशी वळलेली की आत काहीतरी धरलंय. सकाळच्या घाईत मी तिकडे पाहिलंच नव्हतं. आता ती मूठ कडक झाली होती. मी एकेक बोट सावकाश सोडवलं. आत काही नव्हतं. पण हात उजेडाकडे वळवला तेव्हा करंगळीच्या मुळाशी, बाहेरच्या बाजूला, मूठ मिटल्यावर जिथे घडी पडते तिथे, दोन ठिपके दिसले. मुंगी चावली तरी याहून मोठं दिसतं. मी तेवढ्याच जागेची कातडी अलगद उघडली. खाली सुईच्या टोकाएवढे रक्ताचे दोन ठिपके होते, शेजारी शेजारी.

"बाजेवर निजल्याली पोर," गणू हळूच म्हणाला.

तोच प्रश्न होता. मी हात धुतले आणि बाहेर गेले.

बाहेर हौसाबाई तशाच बसलेल्या. मालनला सुतारांनी आता त्यांच्या समोरच, पण मध्ये आपण उभं राहून, बसवलं होतं. मी मालनच्या पुढ्यात खाली बसले आणि विचारलं, "मालन, रेश्मा रात्री कुठे झोपली होती? खरं सांग."

तिने पदर आवळून घेतला.

"तुझ्यावर विष घातल्याचा आळ आहे. तुला कळतंय ना?"

तिने मान हलवली. पण तोंड उघडेना. तिची नजर माझ्या खांद्यावरून हौसाबाईंकडे गेली आणि परत खाली आली. तेव्हा मला उलगडलं की ही बाई विषाच्या आळाला भीत नव्हती. तिला भीती होती ती दिलेला शब्द मोडल्याची.

मी आवाज खाली आणला. "ती तुझ्याजवळ यायची का?"

 मग ती म्हणाली, "रोज यायची. हे निजलं की उतरून यायची. उजाडायच्या आत मीच उचलून बाजंवर ठेवायची."

हौसाबाई उठून उभ्या राहिल्या. बाजीराव काहीतरी बोलणार होता, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं.

"काल?" मी विचारलं.

"काल बी आली. नवी बांगडी वाजती म्हनून दुसऱ्या हातानं धरून, चोरावानी आली."

"कशी झोपली होती? तिचा हा हात कुठे होता?" मी माझा उजवा हात पुढे केला.

मालनने माझ्या हाताकडे पाहिलं. मग स्वतःचा उजवा हात उचलला आणि गळ्यापाशी नेला. बोटं आपोआप टाकावर मिटली.

"हितं. टाक धरून निजायची. ‘आई हाय हितं,’ म्हनायची. सुटला तर जागी व्हायची."

 तिचा हात तिथेच होता. करंगळी बाहेरच्या बाजूला, गळ्याच्या खळग्यावर. मी तो हात धरला आणि करंगळीच्या मुळाशी बोट ठेवलं. "तिला इथे मण्यार चावली. विष पोटातून गेलेलं नाही, मालन. हातातून गेलं."

मला वाटलं होतं की आता ती रडेल, सुटेल. आळ गेल्यावर माणूस सुटतं ना? ती माझ्या बोटाकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू येत होतं आणि ते मला थांबवता येत नव्हतं.

"रातीला गार लागलं हुतं," ती म्हणाली. "हितं. गळ्याला. मला वाटलं साखळी सरकली. ती जराशी दचकली, तर मीच म्हटलं, निज गं. थोपटलं मी तिला."

मग तिने माझ्याकडे पाहिलं. "डाक्टरीणबाई, तिचा हात नसता तर?"

 खोटं सांगता आलं असतं. साप कुठून आला, कुठे गेला, कुणाला ठाऊक, असं काहीबाही. पण सकाळपासून त्या व्हरांड्यात सगळे आपापलं सांगत होते आणि खरं काय ते ही एकटीच विचारत होती.

"तुला चावली असती," मी म्हटलं.

"म्हंजे ते माझं हुतं," ती म्हणाली, आणि मग रडली. तसं रडणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतर फार वेळा ऐकलं.

बाजीराव आणि दिनकर जीप घेऊन घरी गेले. अंथरुणाच्या वाकळांची चळत भिंतीशी रचून ठेवली होती, तिच्या तळाशी मण्यार निघाली. बाजीरावाने मारून डब्यात घालून आणली. काळी, पांढऱ्या पट्ट्यांची, हातभर लांब. ती त्याने सुतारांपुढे ठेवली. सकाळी ज्या बाईला तो ट्रॉलीत घालून नेणार होता तिच्याकडे त्याने मान वर करून पाहिलं नाही. दिनकर मात्र परत आला तो सरळ मालनच्या शेजारी जाऊन बसला. 

दुपार कलल्यावर मुलगी त्यांच्या ताब्यात दिली. मी तिला स्वतः शिवलं होतं, बारीक टाके घालून, आणि वेण्या पुन्हा घातल्या होत्या. मला वेण्या धड येत नाहीत, वाकड्याच झाल्या. मालनने त्या सोडून परत घातल्या. मग तिने गळ्यातली टाकाची साखळी काढली आणि रेश्माच्या उजव्या हातात द्यायला लागली. पण ती मूठ मी उघडली होती, ती काही मिटेना. साखळी घसरून चादरीवर पडायची. मालन पुन्हा उचलायची, बोटांवर ठेवायची, पुन्हा पडायची. मला वाटलं जाऊन सांगावं की बाई, माझ्यामुळे झालंय हे, ती बोटं आता वळायची नाहीत.

माझ्या आधी हौसाबाई पुढे झाल्या. त्यांनी साखळी उचलली. क्षणभर मला वाटलं, त्या आता आपल्या लेकीचा टाक कनवटीला लावणार आणि जाणार. त्यांनी तो पदराने पुसला आणि मालनच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"ह्यो म्याच बांधला हुता तुझ्या गळ्यात, लग्नात," त्या म्हणाल्या. "माझी लेक त्या घरात ऱ्हावी म्हनून."

"आता तिच्याजवळ असू द्या," मालन म्हणाली.

"न्हाई. गळ्यातच ऱ्हाऊ दे." म्हातारीची बोटं फासा अडकवताना चुकत होती. "आता दोघी हाईत त्यात."

जीप गेली, तिच्यामागून ट्रॉली गेली. गणूने खोली धुवायला घेतली. मला कुणी जेवायला जा म्हणालं नाही.

जागावाटपाच्या दिवशी मुंबईत आई माझ्या शेजारी बसली होती. माझं नाव पुकारलं तेव्हा स्त्रीरोगशास्त्राच्या जागा अजून शिल्लक होत्या. मी न्यायवैद्यकशास्त्र म्हणाले. टेबलामागच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि दुसऱ्यांदा विचारलं. कुणालाही नको असलेली, शेवटी उरणारी जागा मी सगळ्यांत आधी मागत होते.  परतीच्या बसमध्ये खोपोली आल्यावर आई म्हणाली, "मेलेल्यांची डॉक्टर व्हायचंय तुला? जिवंत माणसांशी काय वाकडं आहे तुझं?" मी तिला मालनची गोष्ट सांगायला सुरुवात केली, पण टाकापर्यंत आले आणि थांबले. तिने पुढे विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आज मी विद्यार्थ्यांना शिकवते. दरवर्षी कुणीतरी हाच प्रश्न विचारतं आणि दरवर्षी मी काहीतरी थातूरमातूर उत्तर देते.

प्रयोगशाळेचा निकाल पुढच्या उन्हाळ्यात आला. मी तोवर कॉलेजात रुजू झाले होते. सुतारांनी मुद्दाम फोन करून कळवलं की कोणतंही विष आढळलं नाही. गावात तो निकाल ऐकायला कुणी थांबलेलं नव्हतं, त्याची आता कुणाला गरजही नव्हती.

मी त्यांना मालनचं विचारलं.

दिनकर मध्यंतरी भेटला होता, ते म्हणाले. हौसाबाई अधूनमधून येऊन राहतात. मालन भुईवरच निजते, बाजेवर जात नाही. झोप अशी नाहीच. डोळा लागलाच तर उजवा हात गळ्यावर धरून निजते, आणि कुणी तो हात काढायला गेलं तर जागी होते.

"बाकी बरं चाललंय," सुतार म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.